राखलेला जिन्नस

हॉटेल लाइनमध्ये काम सोडून जाणारा माणूस सांगून जात नाही. सांगितलं की त्याला बसवून चहा पाजतात, जुने दिवस उकरून काढतात, शेठ खांद्यावर हात ठेवतो आणि मग बिचाऱ्याला जायची लाज वाटायला लागते. त्यापेक्षा आदल्या दिवशी नेहमीसारखं जेवायचं, नेहमीसारखं झोपायचं आणि सकाळी गादी गुंडाळून पहिली एसटी पकडायची. वडखळच्या नाक्याजवळ, अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, एका मासळीच्या हॉटेलात मी मॅनेजर होतो. अजूनही आहे. मॅनेजरचं काम काय असतं असं कोणी विचारलं तर मी सांगतो, कोण पळणार ते त्याला स्वतःला कळायच्या आधी ओळखणं.

आणि मी ओळखायचो. मधल्याच वारी केस कापून आला, फोन घ्यायला रस्त्यापलीकडे जायला लागला, ज्याच्याशी वर्षभर तोंड फिरवून वागला त्याला आपला टॉवेल देऊन टाकला, की समजायचं याचं दुसरीकडे ठरलंय. सामान वाटायला काढलं की मग तर नक्कीच. नव्या हॉटेलात जुन्या बादल्या, छत्र्या आणि पांघरुणं कोण वाहून नेणार? टॉवेल मिळालेला पोरगा खूश व्हायचा आणि मी दुसरा वेटर शोधायला फोन लावायचो.

पण त्या महामारीच्या दोन वर्षांत माझं हे कसब अगदी निकामी झालं, कारण जात सगळेच होते. पहिल्या टाळेबंदीत वेटर गावाला गेले ते परत आलेच नाहीत. हॉटेल उघडलं ते आधी फक्त पार्सलसाठी, मग निम्म्या टेबलांवर. एकजण रोह्याकडे कंपनीत लागला. तिथे शिफ्ट संपली की घरी जाता येतं आणि रस्सा तिखट झाला म्हणून कोणी अंगावर ओरडत नाही, असं तो मला फोन करून ऐकवायचा. दुसऱ्याने पेणला भाजीची गाडी लावली. नवी माणसं यायची, आठ-पंधरा दिवस टिकायची आणि जायची. तोंडावर मास्क. एका माणसाला तर मी दोनदा कामावर ठेवलं. पहिल्यांदा पळालेला तो हाच, हे मला तो दुसऱ्यांदा पळाल्यावर कळलं.

किचनमध्ये तेव्हा कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. फोडणीत मिरची पडली की ठसका लागायचाच, पण त्या दिवसांत माणसं तोंड दाबून मागच्या दाराने बाहेर पळायची आणि उरलेले एकमेकांकडे बघत राहायचे. मी स्वतः माझ्यासमोर न गाळलेला चहा पीत नव्हतो. गॅसचा कॉक बंद केला की नाही हे बघायला तीन-तीनदा उठायचो. हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. माझी बायको वरसे गावात असते, रोह्याला लागूनच आमचं घर आहे. मी आठवड्याने घरी गेलो की ती म्हणायची, "तुमी माझ्याकडं पन चोर असल्यासारखं बघताय." मी म्हणायचो, आधीपासूनच बघतोय. ती हसायची नाही.

एवढ्या सगळ्या गळतीत टिकून होता तो आमचा वस्ताद. वस्ताद म्हणजे मुख्य आचारी, ज्याच्या हातावर हॉटेल चालतं तो. रोह्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला, पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा आणि तोंडाचा भयंकर फाटका. त्याच्या शिव्या बाहेर फॅमिली सेक्शनपर्यंत जायच्या. शेठ मला सरळ म्हणाले होते, "वस्ताद हाय तवर हॉटेल हाय. तो गेला की शटर खाली, आन् तुमी सगळे घरी." त्यामुळे त्या पावसाळ्यात मला एकच घोर होता. वस्ताद जाता कामा नये.

वस्तादाचं मोल त्याच्या मसाल्यात होतं. लाइनमध्ये प्रत्येक वस्ताद आपला मसाला स्वतः करतो आणि कोणाला दाखवत नाही. आमचा तर एका वाण्यालाही अख्खी यादी कळू देत नसे. धणे, मिरची, बडीशेप पेणच्या बाजारात घ्यायची आणि गरम जिन्नस, म्हणजे लवंग, दालचिनी, जायपत्री वगैरे, रोह्याच्या बाजारात. बुधवारी दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की खिळ्यावरची कापडी पिशवी काढायची आणि रोह्याला जायचं. परत आल्यावर कोठीचं दार आतून लावायचं, भाजायचं, मिक्सरला लावायचं आणि डबे भरूनच बाहेर यायचं. मी इतकी वर्षं बाहेर उभा राहून नाकाने हेरगिरी केली, पण सात-आठ जिन्नसांच्या पुढे गाडी कधी गेली नाही. हा मसाला ही त्याची दौलत. नव्या हॉटेलात वस्ताद विकतो तो हाच, म्हणून तो कोणाला फुकट देत नाही. मसाल्याखालोखाल त्याची सुरी. तिला कोणी हात लावला की त्या दिवशी किचनमध्ये जेवण कमी आणि तमाशा जास्त व्हायचा.

दुसऱ्या लाटेत त्याला ताप आला. वरच्या खोलीत एकटाच पडून होता. जेवण दाराशी ठेवायचं आणि पळायचं, असं चाललं. पंधरवड्याने खाली आला, बारीक झाला होता, पण चालता-बोलता होता. आम्ही सगळे म्हणालो, वाचला. आणि कामाला लागलो.

मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. पहिली गोष्ट म्हणजे वस्ताद ओरडेनासा झाला. वेटरने ऑर्डर चुकवली तरी नुसता बघायचा. इतरांना वाटलं, आजारातून उठला, निवळला. मला नाही वाटलं. ज्याला या घरात राहायचं नाही तोच भांडी आपटायची सोडतो. दुसरी गोष्ट, तो चव घेईना. पूर्वी पळीतला थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावल्याशिवाय त्याची कढई खाली उतरत नसे. आता भाकरीवालीला हाक मारायचा, "मीठ बघ गो जरा."

ही भाकरीवाली पेणजवळच्या जोहे गावची. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. गणपतीच्या कारखान्यात ती रंगकाम करायची, पण महामारीत मूर्तींची मागणी बसली आणि कारखानदाराने हात आखडता घेतला, म्हणून ती आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या थापायला आली होती. कामाला वाघीण. ती मीठ बघायची आणि सांगायची, बरोबर हाय. वस्ताद मान हलवायचा.

एकदा लसूण करपला. त्याच्या नाकासमोर, त्याच्याच कढईत. धूर माझ्यापर्यंत, पार बाहेर गल्ल्यापर्यंत आला आणि हा पळी धरून उभा. ताई धावत गेली, कढई उतरवली. तो म्हणाला, "नजर चुकली." माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की माझी पाल गप्प बसत नाही. त्याच सुमारास रोह्याच्या रस्त्याला एक नवं हॉटेल उभं राहत होतं, काचा, लॉन, मुलांसाठी झोपाळे. त्यांना वस्ताद हवाय असं सगळी लाइन बोलत होती. मी दोन आणि दोन चार केले. हा आमची चव मुद्दाम बिघडवतोय, गिऱ्हाईक तिकडे वळवतोय आणि स्वतःही तिकडेच जाणार. दर बुधवारी रोह्याला जायला त्याच्याकडे आयती पिशवी होतीच.

विचारायचं? छे. विचारलं की माणूस सावध होतो. मी पाळत ठेवली.

आधी त्याच्या घरी फोन लावला. सहज म्हणून, वहिनी कशा आहात वगैरे. मग हळूच म्हटलं, वस्ताद बुधवारी रोह्याला येतात तेव्हा घरी डोकावतात की नाही?

"ते?" वहिनी म्हणाल्या. "गनपतीला पन नाय आले. आधी म्हनायचे ताप तुमाला लागल. आता ताप कुठं हाय? मॅनेजर, मला खरं सांगा, तितं कोन बाई हाय का?"

मी म्हटलं, तशी काही बाई नाही. माझ्या आवाजावर त्यांचा विश्वास बसला नाही. मी फोन ठेवला तेव्हा त्यांना माझाही संशय यायला लागला होता हे नक्की.

मग एका दुपारी मी स्वतः त्या नव्या हॉटेलाच्या बांधकामावर गेलो. गिऱ्हाईक असल्यासारखा वॉचमनशी गप्पा मारल्या. आचारी ठरला का? नाय. कोणी आडव्या बांध्याचा माणूस बुधवारी येऊन जातो का? नाय. मी त्याला तंबाखू दिली, तरी नायच म्हणाला. मला वाटलं, चांगला पढवलाय.

त्यानंतर सामान वाटायला सुरुवात झाली. त्याचा लहानसा रेडिओ एका वेटरला गेला. जाड चादर भांडी घासणाऱ्याला. मला छत्री दिली, म्हणाला, "तुमची उलटी होते सारखी, ही घ्या." मी छत्री घेतली आणि शेठना फोन केला, आठ दिवसांत जातोय. शेठ घाबरले. म्हणाले, पगार वाढवतो म्हणून सांग. मी सांगितलं. वस्ताद ओट्यावर कांदा चिरत होता. त्याने मान वर केली नाही. "शेठला म्हनावं, नको. मला काय करायचंय?" एवढंच. मी हे शेठना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तिकडे बराच मोठा आकडा दिसतोय. आम्हा दोघांना ते अगदी पटलं.

पुढचा बुधवार. दुपारची गर्दी संपली होती, टेबलं पुसून झाली होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर कोठीचं दार सताड उघडं. आत ताई. समोर परात, परातीत भाजलेले धणे, बाजूला पुड्या मांडलेल्या, आणि ती मिक्सरचं झाकण दाबून उभी. ओट्यावर वस्तादाची सुरी, तीही ताईच्या पुढ्यात.

"हे काय चाललंय?"

"मसाला," ती म्हणाली. "वस्तादांनी शिकवलान मला. धा-बारा दिस झाले, रोज दुपारी तुमी हिशेबाला बसलात का शिकवत होते. आज म्हनाले आता तू एकटी कर. सुरी पन तुलाच ठेव म्हनाले."

"सगळा शिकवला?"

"सगळा. सगळं त्यांनी सांगितलान तसंच घातलाय." मग तिने चिमूटभर हातावर घेऊन हुंगली आणि नाक मुरडलं. "पन त्यांच्यासारका नाय आला बगा. कायतरी कमी वाटतंय."

माझा पहिला विचार अगदी मॅनेजरचा होता. मी खूश झालो. मसाला घरात आला. आता वस्ताद गेला तर गेला, शटर खाली यायचं नाही. मी चहा मागवला, माझ्यासमोर गाळून घेतला आणि शेठना ही आनंदाची बातमी द्यायला फोन हातात घेतला. नंबर लावता लावता माझा हात थांबला.

कारण हे लाइनमध्ये बसत नव्हतं. नव्या हॉटेलात जाणारा वस्ताद मसाला शिकवून जात नाही. तोच तर त्याला तिकडे विकायचा असतो. आणि सुरी? चादर देईल, रेडिओ देईल, पण सुरी? नव्या किचनमध्ये तो काय दातांनी मासे कापणार होता? मी सगळ्या बाजूंनी संशय घेऊन पाहिला. गावी शेती करायला जाणार म्हणावं तर बायकोला पत्ता नाही. आजारपणामुळे काम सोडणार म्हणावं तर शेठना सांगायला काय हरकत होती? ज्या ठिकाणी मसाला लागत नाही, सुरी लागत नाही, चादरही लागत नाही, असं कुठलं ठिकाण आहे?

"ताई, वस्ताद कुठायत?"

"रोह्याला गेले की. बुधवार न्हाय का?"

मी खिळ्याकडे पाहिलं. पिशवी तिथेच होती.

मला धसका बसला तो तेव्हा. मी ताईला एवढंच म्हटलं की संध्याकाळचं किचन तू बघ, आणि गाडीला किक मारली. नागोठणे कधी मागे पडलं ते कळलं नाही. वाटेत थांबून त्याला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. वहिनींना लावला. "तुमीच सारके फोन करताय," त्या म्हणाल्या, "ते कुठं हायत ते मला काय म्हाईत?" आणि मग एकदम आवाज बदलून, "काय झालंय का?" मी म्हटलं, काही नाही.

रोह्यात आधी गेलो तो त्याच्या वाण्याकडे. आडव्या बांध्याचा, वडखळचा वस्ताद, म्हटल्यावर वाण्याने लगेच ओळखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"येतात ना. दर बुधवारी येतात. पण घेत काही नाहीत आता, महिना-दोन महिने झाले. नुसते सांगतात, लवंगेची बरणी उघडा. मास्क खाली करतात, बरणीत नाक घालतात, आणि उभे राहतात. मग म्हणतात दालचिनीची उघडा. मग जायपत्रीची. आणि निघून जातात. मला वाटलं दुसऱ्या कोणाच्या दुकानासाठी माल पारखून बघतात. आज मी म्हटलं, घ्यायचं असेल तर घ्या, या दिवसात बरणीत नाक घालू नका. तर म्हणाले, नाय घालनार आता."

मी त्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसलो. करपलेला लसूण, मीठ बघ गो, बंद झालेल्या शिव्या. इतक्या महिन्यांत माझ्या एकाही संशयाला हे सुचलं नव्हतं. वस्तादाचं नाक गेलं होतं. तापात अनेकांचं गेलं आणि आलं, याचं आलंच नाही. आणि हा माणूस दर बुधवारी दोन तासांचा रस्ता करून इथे यायचा, आज तरी लवंगेचा वास येतो का बघायला. उरलेल्या जुन्या मालावर मसाल्याचं काम ढकलत होता. वाण्याला तो दुसऱ्या दुकानाचा हेर वाटला, बायकोला बाईचा नाद लागलेला वाटला, मला फितूर वाटला. सरळ विचारलं कोणीच नाही.

"कुठल्या बाजूला गेले?"

वाण्याने हात केला. नदीच्या बाजूला.

कुंडलिकेच्या काठाला पायऱ्या आहेत. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं असलं की नदी भरून वाहते, तशी त्या दिवशी वाहत होती. तो खालच्या अंगाला एका पायरीवर बसला होता. चपला शेजारी जोडून नीट ठेवलेल्या, एका चपलेत फोन. मी लांबूनच ओळखलं आणि मला, खरं सांगतो, आधी प्रचंड राग आला. इतका की पायऱ्या उतरताना मी त्याला मनातल्या मनात त्याच्याच शिव्या देत होतो. मी त्याच्या पुढून गेलो आणि त्याच्या नि पाण्याच्या मध्ये येईल अशा पायरीवर बसलो. पायरी ओली होती, पँट भिजली.

"काय वस्ताद, सुट्टी कुणाला विचारून घेतलीत?"

"बुधवार हाय, मॅनेजर."

"बुधवारी हातात पिशवी असते. ती खिळ्यावर हाय."

पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "नाक कधीपासनं गेलंय?"

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग खांदे पडले. "तापापासनं."

"सांगितलं का नाय?"

"कुणाला? तुमाला? तुमी दुसऱ्या दिवशी नवा वस्ताद शोदला असता."

खोटं नव्हतं, मी शोधला असता.

मग तो आपणहूनच बोलायला लागला, नदीकडे बघत. "कढई समोर असली का वाटतं नुसतं पानी उकळतंय. रंग दिसतो, बुडबुडे दिसतात, बाकी काय नाय. लोकं जेवत असली का मी दारातून त्यांच्या तोंडाकडं बगतो. कोनी पानी मागितला तरी वाटतं, बिगडला रस्सा. झोप नाय. पोरं कोपऱ्यात हसली का वाटतं माज्यावरच हसली, यांना कळलं. घरी जावं तर बायको काय रांदते त्याची चव नाय, तिला काय सांगू? वस्ताद म्हनतात मला, मॅनेजर. कसला वस्ताद?" आणि मग अगदी कामाचं सांगावं तसं, "तुमचं काय अडनार नाय. ताईला हात बसलाय. सगळं लावून दिलंय."

मी आयुष्यात कोणाला काही आडपडदा न ठेवता विचारलं असेल तर ते त्या पायरीवर. "जीव द्यायला आलायस का?" तुम्हीचं तू कधी झालं ते मलाही कळलं नाही.

"बसलोय नुसता," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "म्हाईत नाय."

आता यावर काय बोलायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी शिकलेलो ती लाइन. तेव्हा माझ्या डोक्यात एकदम ताईचं ते नाक मुरडणं आलं. पंचवीस वर्षं ज्या माणसाचा मसाला मी दाराबाहेरून हुंगत होतो तो असा अख्खा देऊन टाकेल? माझा नाही विश्वास बसला.

"वस्ताद, ताईंचा मसाला जमलेला नाय."

त्याची मान वळली. "का? मंद आचेवर भाजला नाय का?"

"भाजलाय नीट. पण तुझ्यासारखा नाय आला. तू एक जिन्नस राखलायस."

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जुना वस्ताद दिसला, चोरी पकडल्यावर ओठ चावणारा.

"राखलाय की नाय?"

"राखला."

"का? सगळं वाटून टाकलंस, सुरी देऊन टाकलीस, मग तो का राखलास?"

"सांगू सांगू म्हटलं. आज सकाळी पन म्हटलं. तोंडापर्यंत आला," तो म्हणाला, "पन नाय सांगवला." आणि एवढं बोलून तो रडायला लागला. मोठ्याने, ओझं टाकून दिल्यासारखा. मास्क भिजून तोंडाला चिकटला तसा मीच तो ओढून काढला. बाहेरच्या माणसाच्या तोंडाजवळ मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच गेलो होतो, हे मला नंतर आठवलं.

"मग राख," मी म्हटलं. "कुणाला सांगायचा नाय तो. मलापण नाय. चल, ऊठ."

मी त्याला हॉटेलवर नेलं नाही, सरळ त्याच्या गावी नेलं. गाडीवर तो मागे बसला होता आणि मी सारखा हात मागे नेऊन त्याचा गुडघा चाचपत होतो, आहे ना म्हणून. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आमच्या मागे रस्त्यावर लांबवर, तिसरं कोणी येतंय का म्हणून. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या आत गेल्या, ताट वाढून आणलं, त्याच्यासमोर बसल्या आणि घासागणिक सांगायला लागल्या, ही वांग्याची भाजी हाय, तिखट हाय, हा भात हाय, हा गरम हाय. तो जेवत होता. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, कारण मला ते बघवेना.

त्या संध्याकाळचं किचन ताईने सांभाळलं. एका गिऱ्हाइकाने रश्शाची तोंडभर स्तुती केली. ही गोष्ट मी वस्तादाला आजतागायत सांगितलेली नाही.

पुढे त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. आधी यायला तयार नव्हता, म्हणाला, मी काय वेडा हाय का? मी म्हटलं, वेडे डॉक्टरकडे जात नाहीत, माझ्यासारखे हॉटेलात बसतात. किचनमध्ये सांगितलं की शुगर वाढलीय. सरकारी दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरणीने त्याचं सगळं ऐकून घेतलं, गोळ्या लिहून दिल्या आणि मग एकदम मला विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?" मी म्हटलं, मला का विचारताय? ती माझ्या बोटांच्या चिरांकडे बघत होती. दुसऱ्या खेपेला माझाही केसपेपर निघाला. बायकोला मी सांगितलं की वस्तादाला सोबत म्हणून जातो. तिने विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं.

वहिनी पेणला खोली घेऊन राहायला आल्या. वस्तादाचं नाक थोडंथोडं परत आलं, तेही वेडंवाकडं. कितीतरी दिवस त्याला कोथिंबिरीला रॉकेलचा वास यायचा. अजून पुरतं आलेलं नाही. शेठना मी सगळं सांगितलं, अगदी खरं. ते म्हणाले, चव ताई बघतेय ना, मग झालं. ओट्यावर अजून हाक ऐकू येते, मीठ बघ गो, आणि आता त्यात कोणाला वावगं वाटत नाही. शिव्याही परत आल्या. पहिली शिवी पडली तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. सुरी तिने त्याच दिवशी त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

ते काचांचं हॉटेल उघडलं. आमचे दोन वेटर तिकडे गेले, न सांगता. मी आता सामान वाटणाऱ्या माणसाला बसवतो आणि सरळ विचारतो, कुठे चाललायस? माणसं बावचळतात. एकजण घाबरून खरंच कंपनीचं नाव सांगून बसला. मी म्हटलं, जा, सुखात राहा. कुठे जातोय ते कळलं की मला झोप येते.

बुधवारी कोठीचं दार पुन्हा आतून लागतं. गेल्या पावसाळ्यात मात्र एकदा ते उघडलं. वस्ताद दारात उभा राहिला, हात पुसत. "मॅनेजर, या आत," म्हणाला. "तो राखलेला जिन्नस दाखवतो तुमाला. वय झालं आता, कुनाला तरी म्हाईत असावा."

पंचवीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते समोर उघडं होतं. मला दरदरून घाम फुटला. मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, रात्री झोप लागली का विचारलं, गोळ्या घेतल्या का विचारलं, वहिनींशी भांडण झालंय का विचारलं. तो हसायला लागला. म्हणाला, बरा हाय हो मी, खरंच बरा हाय. असेलही. पण मला तो जिन्नस नको होता. "मला काय सांगू नका, काम करा आपलं," असं मी त्याच्यावर ओरडलो, त्याला आत ढकललं, दार बाहेरून ओढून घेतलं आणि आत मिक्सर सुरू होईपर्यंत कडीला हात लावून तिथेच उभा राहिलो.